नोव्हेंबरचं पोरगं, जूनची शाळा: घरी नेमकं काय करून घ्यायचं?

कांडीवाला (अशोक चौक, सोलापूर)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा बाळ्या जूनपासून ज्युनियर केजीत जाणार. ॲडमिशन झाली, पैसे भरले. शाळेनं एक कागद हातात दिला. शाळा सुरू व्हायच्या आत ए टू झेड लिहिता यावं, १ ते ५० तोंडपाठ, दहा रंग, दहा फळं, दहा प्राणी, सगळं इंग्लिशमध्ये. शाळेचं नाव घेत नाही, उगं वाद नको.

मिसेसनी तो कागद फ्रिजवर चिकटवला अन् रोज संध्याकाळी सातला वही घेऊन बसते. पोरगं पाच मिनिटं बसतं. मग पेन्सिल तोंडात, मग टोक मोडलं, मग शार्पनर, मग रडारड. काल वही मोरीत टाकली. समोरच्या घरातली पोरगी त्याच वर्गात जाणार आहे, ती शंभरपर्यंत म्हणते. तिची आई दारात उभी करून म्हणवून घेते, आम्हाला ऐकू जाईल असं.

आमच्या घरी तेलुगू. मराठी गल्लीत खेळून कळतं त्याला, बोलताना दोन्ही मिसळतो. इंग्लिश म्हणजे मोबाईलवर बघून येतं तेवढंच. मी दिवसभर खाली शेडमध्ये, टॉवेलचे माग आहेत. मिसेस वर शिलाई करते. पोरगं असतं नानम्माजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ. आई म्हणते, खेळू दे की, कशाला छळताय. मिसेस म्हणते, खेळून कोण पास झालंय? मधे मी.

खेळता खेळता तयारी होते असं सगळे सांगतात, पण म्हणजे काय करायचं ते कुणी सांगंना. खेळणी आणायची का? कुठली? घर दोन खोल्यांचं, अंगण नाही. हातात अडीच महिने आहेत.

दोन पोरांची आई

दादा, कडू लागेल पण सांगते. शाळा बदलणार नसाल तर शाळेचा कागद पाळावाच लागतो. माझ्या मोठ्याला मी दुकानातून छापील वह्या आणून गिरवून घेतलं, रोज एक तास. रडला, पण आला. धाकटीला तेच. आता दोघं वर्गात पुढं आहेत. खेळ वगैरे बोलायला बरं असतं. पहिल्या महिन्यात बाई डायरीत शेरे लिहायला लागल्या की सगळं आठवतं. वहिनी करतात ते बरोबर आहे, फक्त वेळ सकाळची करा. संध्याकाळी पोरं दमलेली असतात.

जुळे सोलापूरकर

आमच्या कन्येचा पहिला दिवस सांगतो. एबीसीडी, वनटूथ्री, पन्नास प्राणी, कांगारूसुद्धा. सगळं घोकून तयार. दुपारी घरी आली ती भुकेनं कळवळत. डबा भरलेला जसाच्या तसा. चार कडीचा नवा स्टीलचा डबा घेतला होता हौसेनं, तो तिला उघडेना, अन् बाईंना सांगायचं कसं ते माहीत नाही. कांगारू येत होता बे, डबा येत नव्हता.

एवढंच माझं योगदान. पुढचं जाणकार सांगतील.

निवृत्त बाई

कांडीवाले, आधी दोन गोष्टी सांगा. बाळाचा जन्म कुठल्या महिन्यातला? अन् समोरच्या मुलीचा?

कांडीवाला

बाळ्या नोव्हेंबरातला, दिवाळीच्या पुढंमागं. समोरची गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांतली, म्हणजे जानेवारी. का बाई?

निवृत्त बाई

मला वाटलंच.

आपल्याकडं ३१ डिसेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणारं पोर ज्युनियरला बसतं. म्हणजे जानेवारीत जन्मलेली पोरगी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच बाकावर. जूनमध्ये ती चार वर्षं पाच महिन्यांची असेल, तुमचा तीन वर्षं सात महिन्यांचा. तुम्हाआम्हाला दहा महिने म्हणजे काहीच नाही. पण त्या पोराचं सगळं आयुष्यच ४३ महिन्यांचं आहे. वहिनींना हे आधी दाखवा, वही नंतर.

मी २९ वर्षं बालवाडीत होते, विडी कामगारांच्या वस्तीत. तिथं सहीपुरतं लिहिणाऱ्या आया होत्या, अन् पोरं मात्र हाताला अशी चलाख की बघत राहावं. ते का, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला मीही पाटीवाली होते. एक चार वर्षांची मुलगी होती, तिला ‘ग’ येईना. मी रोज बोट धरून गिरवून घ्यायची. एकदा ती गिरवता गिरवता बसल्या जागी ओली झाली अन् भिंतीकडं तोंड करून बसली. पुढं आठ दिवस आलीच नाही. तिच्या घरी गेले तर ती दारात कडुनिंबाची पानं कात्रीनं सारख्या आकारात कापत होती, आत माती भरून विड्या वळत होती, सुतळीनं बांधून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या लावत होती. आईचं बघून. पंचवीस मोजत होती अन् मी तिला एक ते दहा शिकवत होते! विड्यांचं कौतुक करत नाही मी, त्या पोरींनी तो धंदा करू नये म्हणूनच आम्ही तिथं बसलो होतो. पण त्या दिवशी माझी पाटी खाली ठेवली गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं. पेन्सिल का मोडते? हात तयार नाही म्हणून. तीन वर्षांचं पोर बघून बघून गोल काढतं. चारच्या आसपास अधिकचं चिन्ह काढतं. चौकोन त्याच्या पुढं, अन् तिरक्या रेघांचा त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. इंग्रजी ‘ए’ म्हणजे दोन तिरक्या रेघा. ‘के’, ‘एम’, ‘डब्ल्यू’ तसेच. तुमचा बाळ्या गोल काढत असेल तर तो वयाला बरोबर आहे. त्याच्याकडून ‘ए’ मागणं म्हणजे दात यायच्या आधी शेंगा खायला देण्यासारखं.

शेंगांवरून आठवलं. खेळणी आणू नका. सोलापुरात राहता, घरात शेंगा असणारच. नानम्मा चटणीसाठी शेंगा फोडायला बसतील तेव्हा त्याला शेजारी बसवा. शेंग दाबायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, उद्या पेन्सिल धरायची तीच तीन बोटं. एका वाटीत दाणे, दुसऱ्यात टरफलं. दोन दाण्यांची शेंग वेगळी, तीन दाण्यांची वेगळी. कधी एकच निघतो, कधी पोकळ शेंग, तेव्हा पोरं जी हसतात! ‘पोकळ’ हा शब्द तिथंच येतो, पुस्तकात नाही. एक मात्र कडक पाळा: अख्खा दाणा तोंडात नको. या वयात तो घशातून श्वासनळीत जाऊ शकतो. मोठं कुणीतरी समोर बसलेलं पाहिजेच. खायला कूट द्या.

मग भाकरी. ज्वारीच्या पिठाचा एक गोळा त्याचा. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून गरम पाण्यात नीट मळावं लागतं, नाहीतर थापताना फाटतं. त्याची भाकरी फाटणारच. फाटू द्या. तो परत गोळा करील, परत दाबील. तळहात, मनगट, खांदा, सगळं कामाला लागतं. विकतच्या रंगीत चिकणमातीत एवढा जोर लागत नाही. त्याची ती वेडीवाकडी भाकरी तव्यावर टाका अन् वडलांच्या ताटात वाढा. कडक झाली तर अजून चांगलं, आपल्याकडं कडक भाकरी विकत मिळते!

पाणी. नळाला रोज पाणी येत नाही याचा आयुष्यभर वैताग केला आपण. ज्या दिवशी येतं त्या दिवशी त्याच्या हातात एक तांब्या द्या. कळशी भरायला किती तांबे? त्यानं अंदाज सांगायचा, मग मोजायचे. ‘अर्धी’, ‘काठोकाठ’, ‘सांडलं’, ‘अजून दोन’. हेच गणित आहे. १ ते ५० तोंडपाठ म्हणणं हे गाणं आहे, वाईट नाही, पण त्यात पाच म्हणजे किती हे येत नाही. भरलेल्या बादलीपाशी त्याला एकटं सोडू नका.

अन् तुमच्याकडं तर खजिना आहे. शेडमध्ये त्याला नेऊ नका. मागावर आडवा धावणारा धोटा निसटला तर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण रिकाम्या कांड्या, सूत गुंडाळायच्या त्या नळ्या, वर आणा, उरल्यासुरल्या रंगीत सुताच्या गुंड्या आणा. कांड्या उभ्या रचणं, लहानमोठ्या लावणं, लाल-पांढरी-लाल-पांढरी अशी रांग लावणं. चादरीच्या काठावर नक्षी कशी परत परत येते ते दाखवा अन् विचारा, आता पुढं काय येईल? बिघडलेले टॉवेल घडी घालायला द्या. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. निम्मा, मग निम्म्याचा निम्मा.

रेघोट्या ओढायच्याच असतील तर शहाबादी फरशीवर, ओल्या ब्रशनं. एप्रिलचं ऊन आहे, काढलेलं चित्र बघता बघता उडून जातं. पोरांना त्याची फार गंमत वाटते. खोडायला रबर नाही, चुकलं म्हणायला कुणी नाही. वहीचं तसं नसतं. उभं राहून भिंतीवर खडूनं काढू दिलंत तर आणखी उत्तम, पण घरमालक कोण आहे ते बघून.

खरं सांगायचं तर यात मी काही नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, तेव्हा परदेशी महागडी साधनं परवडणार नव्हती. बिया, शंखशिंपले, माती, पानं हीच साधनं केली. पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं, पण वस्तीत जाऊन केली पाटीच. कळणं अन् वळणं.

भाषेचं बोलते, कारण तुम्ही ते जरा लाजून लिहिलंय. लाजू नका. सोलापुरात माझ्या बालवाडीत एकाच चटईवर तेलुगू, कन्नड, मराठी अन् दखनी बोलणारी पोरं बसायची. जे पोर घरच्या भाषेत गोष्ट पूर्ण सांगतं, ते दुसरी भाषा पटकन उचलतं. नानम्मांनी तेलुगूतच गोष्टी सांगाव्यात, रोज, अन् मधेच थांबून विचारावं, मग काय झालं? ओकटी, रेंडू, मूडू करून दाणे मोजले तरी तीन दाणे तीनच असतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सुरुवातीचं शिक्षण घरच्या भाषेत व्हावं असंच म्हटलंय, पण ते राहू द्या. तुम्ही फक्त पाच-सहा वाक्यं मराठीत अन् इंग्रजीत पक्की करून घ्या: सू लागली, पाणी पाहिजे, डबा उघडून द्या, दुखतंय, माझं नाव अमुक. जुळे सोलापूरकरांची कन्या त्याच्याअभावी उपाशी राहिली.

डबा आजच आणा. रोज दुपारचं जेवण त्याच डब्यात, फरशीवर बसून, झाकण त्यानंच उघडायचं अन् लावायचं. चड्डीला इलास्टिक. चप्पल डावी-उजवी. बाटलीचं झाकण. हात धुणं. हे सगळं ज्याला येतं ते पोर वर्गात निम्मं मोकळं असतं, अन् मग बाईंचं बोलणं त्याच्या कानात शिरतं.

सगळ्यांत अवघड म्हणजे सोडून राहणं. नानम्माजवळ वाढलेलं पोर आहे. आतापासून अर्धा तास, मग तास, कुणाकडं तरी ठेवा. समोरच्या घरीच ठेवा! ती दोघं एका वर्गात जाणार आहेत, तुम्ही तिला प्रतिस्पर्धी करून ठेवलंय. निघताना सांगून निघा, ‘चार वाजता येतो’, अन् चारलाच जा. लपून पळालात तर शाळेच्या दारात तो तुमचं बोट सोडणार नाही.

दोघांना मिळून गड्डा-गड्डा खेळू द्या. झाडूची काठी उभी धरायची, एकानं तोलायची, दुसऱ्यानं ‘हर्र बोला’ म्हणायचं, मग पाळी बदलायची. जत्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे तोलून न्यायच्या उंच काठ्या असतात, मग सात फेऱ्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, ही पहिल्या महिन्यातली सगळ्यांत मोठी परीक्षा असते. जी पोरं ढकलाढकली करतात त्यांना सगळं येत असतं, फक्त थांबता येत नसतं.

दोन पोरांची आई, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेरे येतात अन् ते वाचून आईचा जीव खालीवर होतो. म्हणून कागद फाडा असं मी म्हणत नाही. रंग, फळं, प्राणी बोलता बोलता होतील, मंडईत गेलात की. आकडे तांब्याबरोबर. लिहिणं मात्र आत्ता थांबवा. अन् कांडीवाले, शाळेला एकदा विचारून बघा, नर्सरीत घेता का म्हणून. ३१ डिसेंबर ही कमीत कमी वयाची अट आहे, घाई करायची सक्ती नाही. एक वर्ष मागं राहिला तर पहिलीत साडेसहाचा जाईल, काही बिघडत नाही.

मोबाईलबद्दल विचारलं नाहीत, पण ‘मोबाईलवर बघून’ हे वाचलं मी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या पोरांसाठी दिवसाला एक तास ही कमाल सांगितली, त्याहून कमी तर बरंच. तेवढं धरा.

दोन पोरांची आई

बाई, पटलं अन् नाहीही. धाकटी आता दुसरीत आहे, लिहायचं म्हटलं की तिचं पोट दुखतं. डॉक्टरला दाखवलं, काही नाही म्हणाले. तुमचं वाचून उगाच मनात आलं.

निवृत्त बाई

उगाच नाही. सुट्टी आहे, दोन महिने वही कपाटात ठेवा. तिला किराण्याची यादी लिहायला सांगा, चुकीची लिहिली तरी तशीच दुकानात न्यायची. लिहिलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतं हे तिला दिसलं नसावं.

कांडीवाला

बाई, तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं.

शेंगा चालू आहेत. पहिल्या दिवशी अकरा फोडल्या अन् पळाला. आता वाटीभर होतात. मिसेस आधी गप्प होती. मग एक दिवस शिलाईच्या मशिनवरून बघत होती, हा दाणे लावत बसला होता अन् स्वतःच म्हणाला, ‘मूडूवाली कमी आहेत, रेंडूवाली जास्त.’ त्या दिवशी सातला वही काढली नाही. कागद अजून फ्रिजवर आहे, पण त्याच्यावरच आईच्या बीपीच्या गोळ्यांचं वेळापत्रक चिकटवलंय तिनं.

समोरच्या पोरीकडं जातो रोज तासभर. ती याला शंभर म्हणून दाखवते, हा तिला कांड्यांचा मनोरा करून देतो. तिची आई परवा विचारत होती, कांड्या अजून आहेत का म्हणून.

शाळेत नर्सरीचं विचारलं. जागा बघून सांगतो म्हणाले. बघू.

आता नवीन अडचण. हा शेंगा डाव्या हातानं फोडतो, ब्रशही डाव्या हातात. आई हातावर चापट मारते, म्हणते डावा हात शुभ नाही, देवाला प्रसाद कसा घेणार? मी आईपुढं बोलू शकत नाही.

निवृत्त बाई

चापट बंद. ते मात्र तुम्हालाच बोलावं लागेल, मुलगा म्हणून. या वयात हात ठरत असतो, अन् तो हातातनं नाही, मेंदूतनं ठरतो. बळजबरीनं बदलला तर पोर दोन्ही हातांनी अडखळतं.

पण आईंचा मान ठेवून करा. त्यांना सांगा, प्रसाद अन् जेवण उजव्या हातानं, ते तुम्ही शिकवा, तो शिकेल. काम ज्या हातानं येईल त्या हातानं. दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना पटतं, माझ्या सासूबाईंना पटलं होतं. अन् ब्रश, खडू, चमचा, सगळं त्याच्या बरोब्बर मधे ठेवत जा, कुठल्या बाजूला नाही. कुठला हात पुढं येतो ते महिनाभर नुसतं बघा.

डावाच ठरला तर शाळेत बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, अन् त्याला बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजारच्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. कात्री डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते. साधी कात्री डाव्या हातात नीट कापत नाही, मग पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. वहिनी शिलाई करतात, त्यांना हे लगेच कळेल. त्यांनाच आणायला सांगा.